मादामच्या बालवाडीतली मावशी

मादाम मला पहिल्यांदा भेटल्या त्या पंधरा सेक्टरच्या रेहडी मार्केटमध्ये, म्हणजे हातगाड्यांच्या बाजारात. आम्हाला चंदीगडला येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. माझे यजमान युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि आवारातच आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. मी मूळची मिरजेची. लग्नाआधी तिथल्या एका बालवाडीत शिकवत होते, त्याचा रीतसर कोर्सही केला होता. पण चंदीगडात त्याचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, कारण माझं हिंदी ऐकून भाजीवालेसुद्धा गालातल्या गालात हसायचे.

त्या दिवशी मटाराच्या ढिगापाशी माझी तीन वर्षांची मुलगी बसली होती आणि तिच्या शेजारी एक सोनेरी केसांचा मुलगा. तो शेंग दातांनी फोडायचा प्रयत्न करत होता. माझ्या मुलीने त्याच्या हातातून शेंग काढून घेतली, मधोमध दाबून उघडून दाखवली आणि दाणे स्वतःच खाल्ले. मग दोघांनी तोच उद्योग चालू ठेवला. मी धावत जाऊन भाजीवाल्याला म्हणाले, "माफ करो भैया, इसने सब मटर खा गई." त्याच वेळी पलीकडून एक उंच, सायकल धरलेली बाई म्हणत होती, "भैया, माफ, माफ, मेरा लडका बहुत मटर है." भाजीवाला आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग आम्हीही एकमेकींकडे बघितलं आणि हसू आवरेना.

ती बाई फ्रेंच होती. तिचे यजमान एका संशोधन संस्थेत यंत्रं बसवण्याच्या कामावर आले होते आणि अकरा सेक्टरमध्ये त्यांना घर मिळालं होतं. रेहडी मार्केटमधून घराकडे जाताना मोडक्यातोडक्या इंग्रजीत मादामनी मला सगळं सांगितलं. त्या स्वतः त्यांच्या देशात लहान मुलांना शिकवायच्या. इथे मुलाशी फ्रेंच बोलणारं त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं आणि त्याला खेळायला सोबतीही नव्हता. म्हणून घरातच बालवाडी काढायचं त्यांच्या मनात होतं. युनिव्हर्सिटीतल्या आणि शेजारच्या काही घरांनी मुलं पाठवायची तयारीही दाखवली होती. फक्त दुसरी एक शिक्षिका मिळत नव्हती. मी बालवाडीत शिकवत होते हे कळल्यावर त्या सायकल थांबवून रस्त्यातच उभ्या राहिल्या.

"तुम्ही या," त्या म्हणाल्या. "मुलीला घेऊन या."

"पण मला फ्रेंचचं एक अक्षर येत नाही."

"तेच तर हवंय," मादाम म्हणाल्या. "तुम्ही शिकायचंही नाही."

मला जरा रागच आला होता. घरी आल्यावर यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नोकरी देताना काही येत नाही याचं कौतुक करणारी पहिलीच बाई दिसते. जाऊन तर बघ."

मी गेले. मादामचं म्हणणं मला तिथे गेल्यावर नीट समजलं. त्यांची पद्धत अशी होती की मुलांशी एका माणसाने एकच भाषा बोलायची, कायम. त्या फ्रेंच बोलणार, मी हिंदी बोलणार. भाषांतर कोणी करायचं नाही. मुलाने कुठल्याही भाषेत विचारलं तरी उत्तर आपल्याच भाषेत द्यायचं. शब्दांचे अर्थ शिकवायचे नाहीत. हात धुताना हात धुण्याचं बोलायचं, पोळी खाताना पोळीचं. मिरजेला आम्ही फळ्यावर चित्र काढून शब्द म्हणून घ्यायचो. इथे फळाच नव्हता.

घरासमोर मोठं हिरवळीचं अंगण होतं. थंडीत आम्ही उन्हात सतरंजी टाकायचो आणि मुलांना तिथेच बसवायचो. सुरुवातीला सात-आठ मुलं होती. पहिल्या आठवड्यात माझीच फार फजिती झाली. मादाम मुलांना काहीतरी दाखवून "रगार्द, रगार्द" म्हणायच्या. मला वाटलं पाटी रगडायला सांगतायत, म्हणून मी ओलं फडकं घेऊन पाट्या घासायला लागले. मुलंही माझं बघून घासायला लागली. त्या शब्दाचा अर्थ 'बघा' असा होता, हे मला बऱ्याच दिवसांनी समजलं. मुलांना ते माझ्या आधी कळलं होतं.

खरी पंचाईत झाली ती माझ्या मुलीची. घरी आम्ही मराठीच बोलत होतो. बालवाडीत मी तिच्याशी हिंदीत बोलायला लागले की ती गोंधळायची. "बेटा, इधर आओ," म्हटलं की मागे वळून बघायची, मी दुसऱ्या कोणाला बोलावतेय का म्हणून. मग एकदा ती जवळ आली आणि तिने तिचा तळहात माझ्या तोंडावर ठेवला.

"आई, असं नको ना बोलू. नीट बोल."

मी हिंदीतच समजूत घालायला गेले. तिने रडायला सुरुवात केली, आणि ते रडणं सकाळभर थांबेना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती फाटकातून आतच येईना. मादाम हे सगळं लांबून बघत होत्या. मुलं गेल्यावर त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, "घरी तुम्ही तिच्याशी काय बोलता?"

"मराठी."

"आणि हिंदी तुमची भाषा आहे?"

"नाही. कामापुरती येते. तीही धड नाही."

मादामनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी तुम्हाला दुसऱ्या कोणाची तरी भाषा दिली. उद्यापासून मराठी बोला. सगळ्यांशी."

मला वाटलं, बाईंना इथलं काही कळत नाही. मी म्हटलं, "ही पंजाबी घरांतली मुलं आहेत. त्यांना मराठी कशी समजेल?"

"त्यांना फ्रेंच समजतंय की. ती तर फार लांबून आलीय. तुमची भाषा तरी आगगाडीने येण्यासारखी आहे."

दुसऱ्या दिवशी मी भीतभीतच मराठी बोलायला लागले आणि काय सांगू, माझं मलाच हलकं वाटलं. हिंदीत मी मुलांना फक्त सूचना देत होते. मराठीत मी बोलायला लागले. चिमणीचं घरटं, कोबीचा गड्डा, नाकातला शेंबूड, चिखल, कंटाळा, लाड, सगळं तोंडात यायला लागलं. बडबडगीतं आठवली. माझी मुलगी फाटकातून आत आली ती माझा पदर धरूनच, पण दोन-चार दिवसांत तो सुटला. महिन्याभरात मुलं "नको", "मला पण", "हे बघ" असं बोलायला लागली. झोपाळ्यावर बसताना मादामचा मुलगा आणि माझी मुलगी भांडायची ती अर्धी फ्रेंचमध्ये आणि अर्धी मराठीत, आणि कोणाचं कुठलं वाक्य आहे याचा त्यांना पत्ताही नसायचा.

त्या मुलांमध्ये एक सरदारांचा मुलगा होता. चार वर्षांचा, डोक्यावर बांधलेल्या छोट्या बुचड्याला पांढरा रुमाल. त्याचे आईवडील दोघं नोकरी करायचे. आई सतरा सेक्टरमधल्या बँकेत होती. मुलाला आणायचं-सोडायचं काम त्याच्या आजीकडे होतं. तिला सगळे बीजी म्हणत. बीजी सकाळी नातवाला घेऊन यायच्या आणि परत जायच्याच नाहीत. व्हरांड्यात भिंतीच्या जाळीतून ऊन यायचं तिथे वेताचं बसकं, म्हणजे मोढा, ओढून बसायच्या आणि स्वेटर विणायच्या. फाळणीत लायलपूरकडून आलेलं ते कुटुंब. बीजींना पंजाबीशिवाय काही बोलता येत नव्हतं.

एकदा त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, ही मेम मुलांना सारखं 'असी, असी' काय करते? पंजाबीत 'असीं' म्हणजे आम्ही. मादाम मुलांना 'बसा' म्हणत होत्या, त्यांच्या भाषेत त्याला 'असी' म्हणतात. आणि मी मुलांना बसायचं कसं ते दाखवताना 'अशी मांडी घाला, अशी' म्हणत होते. बीजींना वाटलं होतं, आम्ही दोघी मिळून मुलांना 'आम्ही, आम्ही' शिकवतोय. मी खुणांनी समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की विणकामाचे टाके सुटले.

त्यांच्या शेजारी बसायला लागल्यावर मला एक गंमत कळली. मी "पाणी" म्हटलं की बीजी मान वर करायच्या. त्याही पाणीच म्हणत, हिंदीसारखं पानी नाही. मी काळा म्हणायची, त्याही काळा म्हणायच्या. फळ, दाणा, कोण आणि कौण. मिरजेत आमचा ळ आणि ण ज्या जागेवरून निघतो, तिथूनच त्यांचाही निघत होता. चंदीगडात आल्यापासून माझी जीभ ज्या शब्दांना अडखळत होती, तेच शब्द ही बाई माझ्यासारखे उच्चारत होती. आम्ही दोघी आपापल्या भाषेत बोलायला लागलो आणि बरंचसं कळायला लागलं.

थंडी संपत आली तेव्हा एका शनिवारी दुपारी सरदारांच्या मुलाची आई स्वतः आली. बँकेतून परस्पर आली होती, हातात पर्स, कपाळावर आठ्या. तिने मादामना नमस्कार केला आणि माझ्याकडे वळली.

"देखिए जी, हमने बच्चे को फ्रेंच के लिए भेजा था. घर में वो कुछ और ही बोलता है."

मी विचारलं, काय बोलतो?

"कल मैंने पूछा, ये फूल किसने दिया? बोला, आई ने दिया. मैंने कहा, कौन आई? बोला, आई. मैंने कहा, हाँ, पर आई कौन? वो रोने लगा."

मला हसू फुटलं. सगळी मुलं मला 'आई' म्हणत होती, कारण माझी मुलगी म्हणायची. बालवाडीत माझं तेच नाव पडलं होतं. मी हसतहसतच सांगितलं, "आई म्हणजे मां. मेरी बेटी मुझे बुलाती है, तो सब बुलाते हैं."

तिचा चेहरा एकदम उतरला. ती "अच्छा जी," म्हणाली, मुलाचं बोट धरलं आणि निघून गेली.

सोमवारी मुलगा आला नाही. बीजीही आल्या नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. व्हरांड्यात मोढा रिकामा होता. मी मादामना म्हटलं की मी पुन्हा हिंदी बोलते, नाहीतर एकेक मूल जाईल. मादाम म्हणाल्या, "बोलू नका. पण त्यांच्या घरी जा. माझं हिंदी ऐकून त्या आणखी रागावतील."

गुरुवारी संध्याकाळी मी मुलीला घेऊन त्यांच्या घरी गेले. वाटेत मनात हिंदी वाक्यं जुळवत होते, स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा हिशेब करत. दार बीजींनी उघडलं आणि मला थेट स्वयंपाकघरातच नेलं. मुलाची आई कणीक मळत होती. मला बघून ती उठायला लागली, मी म्हटलं बसा. माझी मुलगी आणि तो मुलगा केव्हाच पलंगाखाली शिरले होते.

मी जुळवलेली वाक्यं बोलायच्या आधीच तिने बोलायला सुरुवात केली. तिला भाषेची काळजी होतीच. पुढे मोठ्या शाळेत इंग्रजीत मुलाखत द्यावी लागेल. म्हणून नवराबायकोने ठरवलं होतं, मुलाशी फक्त हिंदी बोलायचं, मग इंग्रजी आणायचं. बीजींनाही सांगितलं होतं. बीजींना हिंदी येत नव्हतं, त्यामुळे त्या नातवाशी फारसं बोलायच्याच नाहीत. आणि आता या दोन-तीन महिन्यांत तो बीजींना पाणी दे, हे बघ, कोण आलं, असलं काहीतरी म्हणायला लागला, बीजी पंजाबीत उत्तर देऊ लागल्या, आणि दोघं दिवसभर बडबडत असतात. "हमारा तो सारा प्लान ही उलटा हो गया," ती म्हणाली. पण हे ती रागाने म्हणत नव्हती.

बीजी चुलीशी उभ्या होत्या. त्यांना काय चाललंय ते कळलं असावं. त्या सुनेला म्हणाल्या, "मैनूँ तां मेरा पोता हुण मिलया ए." मला माझा नातू आत्ता कुठे मिळाला.

सून थोडा वेळ कणीक मळत राहिली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "वो सब ठीक है जी. पर मैं सुबह जाती हूँ, शाम को आती हूँ. वो दिनभर किसी और को मां बोलता है. मुझे अच्छा नहीं लगा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी भाषेचा विचार करत बसले होते. माझ्या मुलीने माझ्या तोंडावर हात ठेवला होता तेव्हा मला कसं झालं होतं, ते मला आठवलं. माझी मुलगी तर दिवसभर माझ्यासमोर होती. या बाईने काय करायचं? मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि म्हटलं, "हमारे यहाँ मां की बहन को मावशी बोलते हैं. बच्चे मुझे मावशी बोलेंगे."

"मावशी?" तिने विचारलं.

बीजी लगेच म्हणाल्या, "मासी."

"मासी," सून म्हणाली आणि पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मासी ठीक है. वैसे भी मेरी कोई बहन इधर नहीं है. एक है, वो कानपुर में है."

"मेरी भी इधर कोई नहीं," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मक्याची रोटी, मोहरीच्या पानांची भाजी आणि वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. यजमान घरी वाट बघत होते, त्यांच्यासाठीही डबा भरून दिला. घरी आल्यावर ते म्हणाले, "भांडण मिटवायला गेलीस की जेवायला?"

मुलांना 'आई'चं 'मावशी' करायला बराच वेळ लागला. आम्ही खेळ केला, मी झाडामागे लपायची आणि मावशी म्हटल्याशिवाय बाहेर यायची नाही. परिणाम असा झाला की माझी स्वतःची मुलगीही मला मावशी म्हणायला लागली. बालवाडीतच नाही, घरीसुद्धा. गावाहून माझे सासू-सासरे आले होते, त्यांच्यासमोर ती "मावशी, भूक लागली" म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. माझ्या माहेरची कुठलीशी चाल असेल असं समजून सासरे काही बोलले नाहीत. हळूहळू ते सुटलं.

बीजी पुन्हा व्हरांड्यात येऊ लागल्या. मादाम आठवड्यातून एक दिवस त्यांना मोढ्यासकट सतरंजीजवळ आणायच्या आणि गोष्ट सांगायला लावायच्या. बीजींच्या गोष्टीत एक चिमणी, एक कावळा आणि एक तांदळाचा दाणा असायचा. माझ्याकडेही जवळजवळ तीच गोष्ट होती. त्या पंजाबीत सांगायच्या, मुलं दाणा शब्दाला टाळ्या वाजवायची. मादाम एका बाजूला बसून ऐकायच्या आणि मग दुसऱ्या दिवशी तीच चिमणी फ्रेंचमध्ये उडवायच्या. मादामचा मुलगा पंजाबी बोलायला लागला तो इतका ठसक्यात, की बाजारात लोक थांबून ऐकायचे.

ती बालवाडी दीड-दोन वर्षं चालली. नंतर मादामच्या यजमानांचं काम संपलं आणि ते लोक परत गेले. जायच्या आधी मादामनी सगळ्या खुर्च्या, पाट्या, झोपाळा आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात आणून टाकला आणि म्हणाल्या, "फ्रेंच मी घेऊन चाललेय. बाकीचं तुमच्याकडे राहू दे." मी आणि बीजींनी मिळून उन्हाळ्यापर्यंत बालवाडी तशीच चालवली, मराठी आणि पंजाबीत. मग मुलं मोठ्या शाळांमध्ये गेली. सरदारांच्या मुलाने इंग्रजी मुलाखत व्यवस्थित दिली. त्याला प्राणी ओळखायला सांगितले तेव्हा त्याने हत्तीचं नाव चार भाषांत सांगितलं, असं त्याची आई सगळ्यांना सांगत फिरायची.

माझी मुलगी फ्रेंच हळूहळू विसरली. दुसरी-तिसरीत असेपर्यंत तिला गाणी आठवायची, नंतर तीही गेली. मराठी मात्र टिकली. मराठी मंडळाच्या गणपतीत इतर घरांतली मुलं आईला हिंदीत उत्तरं द्यायची, ही मराठीतच भांडायची. मी त्याचं श्रेय स्वतःकडे घेत नाही.

ऐंशीच्या सुमाराला मला दुसरं मूल झालं, मुलगा. माहेरी जाणं जमलं नाही, आई आजारी होती. बीजींची सून दवाखान्यात माझ्याजवळ राहिली, बँकेतून रजा काढून. घरी आल्यावर बीजी रोज सकाळी यायच्या. त्या आता थकल्या होत्या, पायऱ्या चढताना नातू त्यांचा हात धरायचा. तो उंच झाला होता, पगडी बांधायला शिकत होता. बीजी मागच्या अंगणात उन्हात बसायच्या, पाय पसरून, पायांवर बाळ. मोहरीचं तेल वाटीत कोमट करून आणलेलं असायचं. त्या बाळाला चोळायच्या आणि काहीतरी गुणगुणायच्या. मी शेजारी बसून संत्री सोलायची. सून डिंक आणि बदाम घातलेल्या पंजीरीचा डबा ठेवून ऑफिसला जायची आणि जाताना दारातून सांगायची, "मासी, खा लेना, भूलना मत." बीजी मान हलवायच्या. बाळ तेलाने चकाकत डोळे मिचकावायचं, आणि मुलगी शाळेचं दप्तर पाठीला लावून आधी बीजींच्या, मग माझ्या तोंडात संत्र्याची एकेक फोड कोंबून पळून जायची.